पत्ता नसलेल्या घरातला टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. जुना म्हणावे की नाही, याचीही मला नीटशी खात्री नाही. स्टीलच्या भांड्याला म्हातारपण उशिरा येते, असे म्हणतात. पण माझा तळ काळवंडला आहे, काठाला पोचा आहे आणि पोटावर एक मोठा ओरखडलेला डाग आहे. तेव्हा जुना म्हणायला हरकत नसावी. पुण्याकडची माणसे मला पातेले म्हणतील. आमच्या ठाण्याकडे टोपच म्हणतात.

आपली कहाणी सांगावी की नाही, यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. किल्ल्याने, झाडाने, पोस्टाच्या पेटीने बोलावे, ते शोभते. टोपाचे कोण ऐकणार? शिवाय मी सगळे आयुष्य स्वयंपाकघरात काढले. बाहेर काय घडले ते मला दुसऱ्यांच्या तोंडून कळले, त्यामुळे माझे काही ऐकण्यात चुकलेही असेल. माझ्याखाली नेहमी जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली असत आणि दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे मी ती वाचत बसे. तेवढेच माझे शिक्षण. भाषा कुठे पुस्तकी वाटली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारखान्याचे मालक देवराम नाखवा. सगळे त्यांना देवरामभाऊ म्हणत. तिथे हॉटेलांसाठी टोप, पराती, डबे, झाकण्या होत. आधी मी नुसती एक सपाट चकती होतो. मग प्रेसखाली एक प्रचंड दाब आला आणि मला पोट आले. काठ वळवला गेला, अंग घासून चकचकीत झाले. मला वाटले, आता आपण कामाचे झालो.

पण माल न्यायला आलेल्या हॉटेलवाल्याने माझ्या काठावरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, "भाऊ, याला पोचा आहे. हा नको, दुसरा द्या."

दुसरा दिला गेला. मी कारखान्याच्या कोपऱ्यात राहिलो. माझ्यात नट-बोल्ट टाकू लागले. भात शिजवण्यासाठी जन्मलेल्याच्या पोटात लोखंड पडले, की त्याला काय वाटते ते सांगता येत नाही. मी कुणाला सांगितलेही नाही. आपल्यातच काही कमी असेल, असे वाटून गप्प राहण्याची सवय मला तिथेच लागली.

एके दिवशी कारखान्यात स्वप्नाताई गायकवाड आल्या. खांद्याला कापडी पिशवी, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज हळू. नवऱ्याच्या किंवा सासरच्या माणसांच्या मारहाणीतून जीव वाचवून निघालेल्या बायकांसाठी त्या एक घर चालवत होत्या. घराचे नाव 'पडवी'. देवरामभाऊंचे कुणी नातेवाईक त्यांना ओळखत होते, म्हणून त्या भांडी मागायला आल्या होत्या.

भाऊंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ताई, भांडी देतो. सहा महिन्यांचं भाडंपण देतो. पण एक काम करा. दारावर माझ्या आईच्या नावाची पाटी लावा."

"दारावर पाटी नाही लावता येत, भाऊ."

"छोटी लावा. मी काय माझं नाव लावा बोलत नाय."

"आमच्या दारावर आमचीच पाटी नाही," स्वप्नाताई म्हणाल्या. "घर कुठे आहे ते कुणाला कळता कामा नये. ज्याच्यापासून ती पळून आलीय, तोच शोधत येतो."

भाऊ खाली बघत बोलू लागले. "माझी आय मासळी विकायची. बाप प्यायचा आणि मारायचा. तो मारायला लागला, की ती आम्हा भावंडांना घेऊन खाडीच्या बांधावर जाऊन बसायची. जायला दुसरी जागा नव्हती ना. बापाचं नाव आमच्या होडीवर होतं, घरावर होतं. तिचं नाव कुठं म्हणजे कुठंच नाय. तुमच्यासारखं घर तेव्हा असतं तर... जाऊ द्या. कुठंतरी लिहिलेलं मला बघायचंय, एवढंच."

मग भाऊच म्हणाले, "मग भांड्यांवर घालू? भांडी तर घरातच राहतात."

स्वप्नाताईंनी होकाराची मान हलवली. भांड्यांवर नाव घालणे ही आपल्याकडची किती साधी रीत आहे, मित्रांनो! लग्नात दिलेल्या तांब्यावर, बारशाच्या वाटीवर, मंडळाच्या पातेल्यावर, सगळ्यांवर नाव असतेच. त्यात धोका असेल, असे कुणाच्या मनात येईल?

भाऊंनी नव्या भांड्यांबरोबर मलाही उचलले. नट-बोल्ट काढून मला धुतले आणि म्हणाले, "हा मोठा आहे, जाऊ दे याला पण." अशी माझी निवड झाली. कौतुक म्हणावे असे ते नव्हते, पण मला पुरले.

नाव घालायला आम्हाला त्र्यंबककडे नेले. बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तो आपले छोटे यंत्र घेऊन बसे. त्याचे अक्षर फार सुरेख. कागदावर लिहून दिलेले नाव वाचून त्याने भाऊंना फोन लावला. "शेठ, नुसतं नाव? आणि संस्थेची भांडी आहेत ना? मग संस्थेचं नाव आणि पत्ता घालायला पाहिजे. सार्वजनिक भांडं बाहेर गेलं, की पत्त्यामुळेच परत येतं."

भाऊ प्रेसच्या आवाजात होते. ते ओरडून म्हणाले, "तू घालतोस तसं घाल रे बाबा! ताईंनी पोचवायला सांगितलंय ती जागा चिठ्ठीवर आहे बघ!"

यंत्राची सुई माझ्या पोटावरून घुर्र आवाज करत फिरली. 'कै. भागीरथी सीताराम नाखवा हिच्या स्मरणार्थ. पडवी महिला निवास, वर्तकनगर.' माझ्यावर, परातींवर, ताटांवर आणि प्रत्येक डब्यावर हेच.

पडवी म्हणजे वर्तकनगरमधल्या एका जुन्या इमारतीत शेजारी शेजारी असलेले दोन फ्लॅट, मधली भिंत फोडून एक केलेले. खाली सोसायटीच्या लोकांना एवढेच माहीत होते, की इथे नोकरी करणाऱ्या बायका राहतात. स्वयंपाकघर बायजामावशींच्या ताब्यात होते. त्या खाडीकाठच्या गावातल्या, बोलायला खणखणीत, वाढायला हात सैल. आम्हाला पोत्यातून काढून ओट्यावर मांडले तेव्हा त्या म्हणाल्या, "काय लिवलंय गो यांच्यावर एवढं?"

स्वप्नाताईंनी वाचून दाखवले. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज अडखळला. "नाव म्हटलं होतं मी. पत्ता नव्हता म्हटला."

"मंग खरवडून टाकू. कानशीनं घासलं की जातंय."

"आत्ता नको, मावशी. भाऊ उद्या बघायला येणार आहेत. आईचं नाव बघायला येणारेत ते. ओरखडे बघून त्यांना काय वाटेल?"

म्हणून एक नियम झाला. नावाचे भांडे उंबरठ्याबाहेर न्यायचे नाही. बाहेर कामाला जाणाऱ्या बायकांसाठी प्लॅस्टिकचे डबे आणले गेले. पुढे कधीतरी सवड काढून पत्ता तेवढा घासून टाकायचा असे ठरले. पण ज्या घरात पहाटेपासून कुणीतरी रडत असते, कुणाला तरी कोर्टात, कुणाला तरी दवाखान्यात न्यायचे असते, त्या घरात सवड कुठली? भाऊ मात्र येऊन गेले. फडताळापुढे उभे राहून त्यांनी सगळी नावे वाचली आणि डोळे पुसत, चहा न घेताच गेले. त्यांना हे घर ठाऊक असणे स्वप्नाताईंना खटकत होते. पण भाडे देणाऱ्याला 'येऊ नका' कसे म्हणणार?

घर चालवणे म्हणजे काय, ते मी तिथे पाहिले. लोकांना वाटते, चार खाटा, दोन वेळचे जेवण, की झाले. अनुदान मंजूर असे, पण येई तेव्हा येई. आणि आले तरी ते अन्नधान्याचे. बायकांशी बोलणारी शिकलेली मुलगी, कोर्टात सोबत जाणारी, दाराशी रात्रपाळी करणारी, यांचा पगार कुणालाच खर्च वाटत नसे. स्वप्नाताई कंपन्यांच्या कचेऱ्यांत जात आणि परत आल्या, की ओट्यापाशी पाणी पीत बायजामावशींना सांगत.

"आज एक साहेब काय म्हणाले माहितेय? 'मॅडम, फोटो नाही, पाटी नाही, उद्घाटन नाही. मग आम्ही वर दाखवायचं काय?'"

"त्याला म्हनावं, तुजी बायको आनून ठेव महिनाभर, मंग काढू फोटू."

"मावशी!"

"मी काय वाईट बोलली? जेवन आमचं चांगलं हाय."

स्वप्नाताई हसत. मग दुसरी तक्रार सांगत. कुणी म्हणे, बायकांची वसतिगृहे आहेतच, हे वेगळे कशाला? त्यांचे उत्तर मला पाठ झाले होते. नुसती जागा देणारी ठिकाणे असतात आणि तीही लागतात. पण मार खाल्लेली बाई पुन्हा पुन्हा त्याच घरी का जाते, हे ज्याला कळते असे माणूस जवळ लागते. ती चार वेळा परत गेली, तरी पाचव्यांदा 'आलीस का?' एवढेच म्हणून दार उघडणारे घर लागते. या समजूतदारपणाची किंमत कुठल्या अर्जात लिहायची, ते त्यांना कधी कळले नाही. मलाही कळलेले नाही.

अशा घरात हेमांगी आली. सोबत दुसरीतली मुलगी, तनू. कल्याणच्या पुढच्या शहाडमधल्या एका चाळीतून ती निघाली होती. आल्याबरोबर तिने गळ्यातले मंगळसूत्र काढून बायजामावशींच्या हातात दिले. "हे ठेवता का? टाकवत नाही, आणि घालवतही नाही." मावशींनी ते हळदीच्या बरणीमागच्या डबीत ठेवले.

हेमांगी प्रत्येक गोष्ट विचारून करी. पाणी पिऊ का, खिडकी उघडू का, बसू का. एकदा तिला भाताकडे बघायला सांगितले होते. तनूला झोपवताना तिची डुलकी लागली आणि माझ्यातला भात तळाला करपला. घरभर वास सुटला. ती धावत आली, गॅस बंद केला आणि दोन्ही हात डोक्यावर धरून भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे मिटलेले होते.

बायजामावशी आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग मला खाली उतरवले, वरचा बरा भात काढला आणि उलथन्याने खरपुडी सोडवत म्हणाल्या, "डोळे उघड गो बाय. ये, खाऊन बघ. तिखट-मीठ टाकून करपलेला भात म्हंजे चखना हाय. आमचा म्हातारा यासाठी भांडायचा."

हेमांगीने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग खाली बसून तिने खरोखरच तो भात खाल्ला, आणि खाता खाता इतकी रडली, की मावशींना म्हणावे लागले, "मीठ जास्त होईल, पुरे कर."

त्या दिवसापासून माझा तळ काळा आहे. पुष्कळदा घासला, तो गेला नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही.

हळूहळू हेमांगी विचारायची थांबली. तनूचे नाव जवळच्या शाळेत घातले गेले. हेमांगीला वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचे काम मिळाले. तिथे वैशाली नावाची मैत्रीण झाली, हसरी आणि बडबडी. पडवीचा शिरस्ता होता, की बाहेर कुणाला खरे गाव, खरे घर सांगायचे नाही. हेमांगीने सांगितले, "मी डोंबिवलीची, इथे बहिणीकडे राहते." वैशालीने सांगितले, "मी कल्याणची." कल्याण केवढे मोठे! हेमांगी निर्धास्त झाली.

स्वप्नाताईंनी कोर्टात अर्ज केला होता, की मुलीचा ताबा आईकडे राहावा. तारीख पुढच्या महिन्यात होती. तोवर नवऱ्याला पत्ता लागता कामा नये, एवढेच सांभाळायचे होते. एकदा कागद हातात आला, की हेमांगी एक खोली भाड्याने घेणार होती. तनूला खिडकीशी अभ्यासाचे टेबल हवे होते. त्यावर मायलेकींचे रोज भांडण चाले, आणि ते ऐकायला आम्हा सगळ्या भांड्यांना आवडे.

तनूच्या वाढदिवसाला माझ्यात शिरा झाला. हेमांगीला तो मैत्रिणींसाठी न्यायचा होता. प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण त्या दिवशी फुटलेले निघाले. तिने फडताळातला एक स्टीलचा डबा घेतला. मावशी आंघोळीला गेल्या होत्या. मी पाहत होतो, पण टोपाला हाक मारता येत नाही.

कामावर सगळ्यांनी शिरा खाल्ला. थोडा उरला, तो वैशाली सासूबाईंसाठी डब्यासकट घरी घेऊन गेली. "डबा उद्या आणते," म्हणाली. पण आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. वैशालीच्या घरी शनिवारी-रविवारी करंज्या होणार होत्या. करंज्या भरून द्यायच्या म्हणून तो डबा सोमवारपर्यंत तिच्या फळीवर राहिला.

सोमवारी दुपारी हेमांगी कामावरून अवेळी घरी आली. डबा तिने ओट्यावर ठेवला. झाकण उघडे पडले आणि करंज्या दिसल्या.

"काय झालं गो?" मावशींनी विचारले.

"वैशाली शहाडची आहे."

"कल्याणची ना ती?"

"शहाडचे सगळे बाहेर कल्याणच सांगतात. मीपण तेच सांगायचे, मावशी. मला कसं सुचलं नाही!"

मग तुकड्यातुकड्यांनी कळले. वैशालीच्या शेजारी हेमांगीची नणंद राहत होती. गेल्या आठवड्यात ती विरजण मागायला आली, तेव्हा फळीवरचा डबा तिने हातात घेऊन वाचला. 'हा कुणाचा गं?' वैशालीने भाबडेपणाने सांगितले, 'माझ्या मैत्रिणीचा, हेमाचा. काय शिरा करते!' आणि आज जेवणाच्या सुट्टीत करंज्या देताना ती हेमांगीला आनंदाने म्हणाली होती, 'अगं, आमच्या शेजारच्या तुला ओळखतात! कामाची वेळ काय, कुठून येते, सगळं विचारत होत्या. तू बोलली नाहीस कधी!'

हेमांगी तिथूनच उठून तनूच्या शाळेत धावली होती. बाईंनी तिला सांगितले, "तनूचे बाबा आणि आजी आले होते ना, वर्तकनगरमधल्या शाळा विचारत विचारत. मधल्या सुट्टीत घेऊन गेले. वडील आहेत, ओळखपत्र दाखवलं त्यांनी. मुलगी वडिलांना द्यायची नाही असा कागद आमच्याकडे कुठे आहे?"

तो कागद कुणाकडेच नव्हता. तो पुढच्या महिन्यात येणार होता.

स्वप्नाताई आल्या. फोन झाले. पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. तिथे चांगल्या शब्दांत सांगितले गेले, की बापाने स्वतःची मुलगी नेली, तर तो गुन्हा होत नाही. कोर्टात तातडीचा अर्ज करा. स्वप्नाताई स्वयंपाकघरात येऊन हेमांगीसमोर खाली बसल्या.

"आठवड्याभरात अर्ज टाकू. वकीलबाईंशी बोललेय मी. आपल्या बाजूने होईल. फक्त आठवडाभर धीर धर."

"आठवडाभर ती तिथे एकटी राहील?"

"तो तिला काही करणार नाही, हेमांगी. त्याला तू हवी आहेस."

"हो ना," हेमांगी म्हणाली. "म्हणूनच तर तिला नेलंय."

त्यावर स्वप्नाताईंनी तिला अडवले नाही. पडवीत कुणालाही अडवत नसत. दार आतून उघडता आले पाहिजे, हाही तिथला शिरस्ता होता. त्या फक्त म्हणाल्या, "आमचा नंबर पाठ आहे ना? म्हणून दाखव." हेमांगीने म्हणून दाखवला. "पुन्हा म्हण." तिने पुन्हा म्हटला.

मग ती बायजामावशींकडे वळली. "माझं ते द्या."

मावशींनी बरणीमागची डबी काढली. मंगळसूत्राला हळदीचा वास लागला होता. हेमांगीने ते गळ्याभोवती घेतले, पण आकडा लागत नव्हता. मावशी मागे उभ्या राहिल्या. खूप वेळ खटपट करत राहिल्या. त्यांना तो आकडा लावायचा नव्हता, असे मला वाटले. माझे चुकतही असेल, त्यांना अलीकडे जवळचे दिसत नसे. शेवटी तो लागला.

"करंज्या घेऊन जा तनूला," मावशी म्हणाल्या.

"नको. त्या डब्यातून नको."

मावशींनी करंज्या कागदात बांधून दिल्या. हेमांगी गेली. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि मग काही ऐकू आले नाही.

ती गेली तरी संकट टळले नाही. तिचा नवरा दोन दिवसांनी चार नातेवाइकांना घेऊन इमारतीखाली आला आणि माझ्या बायकोला फूस लावणारे घर हेच, असे सगळ्या सोसायटीला ऐकवून गेला. त्या संध्याकाळी सोसायटीची माणसे वर आली. ती वाईट नव्हती. घाबरलेली होती.

"आमच्या घरी लेकीबाळी आहेत, मॅडम. उद्या कुणी सुरा घेऊन आला तर?"

"तेच तर," स्वप्नाताई म्हणाल्या, "इथल्या बायकांना रोज वाटतं."

"काम तुमचं चांगलंच आहे हो. पण दुसरीकडे करा."

महिनाअखेरपर्यंत जागा सोडायची ठरली. तसेही, पत्ता फुटलेल्या घरात कुणाला ठेवणार? बायका एकेक करून निघाल्या. एक नाशिकला आत्याकडे, एक दुसऱ्या संस्थेत, जिथे तिच्या मोठ्या मुलाला घेत नव्हते म्हणून त्याला वेगळे ठेवावे लागले. एक तर कुठे गेली ते तिने सांगितलेच नाही. माझ्यात शिजणारा भात रोज कमी कमी होत गेला. शेवटी मावशी मला सोडून लहान टोप वापरू लागल्या.

आवराआवर चालली असताना देवरामभाऊ आले. त्यांना कुणीतरी सांगितले होते. ते दारातच उभे राहिले.

"ताई, माझ्या आयच्या नावानं झालं हे?"

"नावानं नाही, भाऊ. पत्त्यानं झालं. आणि मी तेव्हाच घासून टाकायला हवा होता."

"मग सांगायचं होतंत ना."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

भाऊंनी खिशातून कानस काढली. बरोबर घेऊनच आले होते. जमिनीवर मांडी घालून त्यांनी मला जवळ ओढले आणि 'वर्तकनगर' घासायला सुरुवात केली. मग 'पडवी महिला निवास'. तेवढे गेल्यावर स्वप्नाताई म्हणाल्या, "बस, भाऊ. आईंचं नाव राहू दे."

भाऊ थांबले. अंगठ्याने त्यांनी 'भागीरथी' वरची धूळ पुसली. "नाखवा किती असतील ठाण्यात? कुणी विचारत माझ्याकडे आला, तर मला खोटं बोलता येत नाय, ताई. चेहऱ्यावर दिसतं माझ्या." आणि त्यांनी पुन्हा कानस लावली. ते नाव खोल होते. त्र्यंबकने जीव ओतून घातले होते. जायला वेळ लागला. ते घासताना भाऊ आईशी बोलावे तसे काहीतरी पुटपुटत होते. ते मला अगदी जवळून ऐकू आले, पण ते मी सांगणार नाही.

सगळी भांडी झाल्यावर ते उठले. हात स्टीलच्या भुकटीने करडे झाले होते. "नवी जागा बघितली की अर्धं भाडं माझ्याकडून. कारखान्यावर माणूस पाठवा, मी देईन. फक्त मला पत्ता सांगू नका."

"बघायला नाही येणार?"

"नाय. ताई, मला पत्ता सांगूच नका."

मित्रांनो, आता मी दुसऱ्या एका घरात आहे. जागा लहान आहे. अर्धे भाडे येते; उरलेल्या अर्ध्यासाठी स्वप्नाताई अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात, आणि त्यांना अजून फोटो मागितले जातात. पूर्वी होत्या त्याच्या निम्म्याच खाटा आहेत. 'जागा नाही' असे फोनवर सांगताना त्या भिंतीकडे तोंड करून बोलतात.

हेमांगीची काही खबर नाही. ती कामावर परत आली नाही. वैशालीनेही ते काम सोडले म्हणतात. शाळेतून तनूचे नाव कमी झाले. कधीकधी फोन वाजतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही. स्वप्नाताई 'हेमांगी?' असे कधी विचारत नाहीत, कारण फोन दुसऱ्याच कुणाच्या कानाला असू शकतो. त्या एवढेच म्हणतात, "राँग नंबर असला तरी हरकत नाही. इथे कोणत्याही वेळी फोन उचलतात." आणि समोरचा ठेवीपर्यंत त्या ठेवत नाहीत.

मी कुणाला उपदेश करावा, एवढी माझी योग्यता नाही. पण एक विनंती करतो. तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, आणि कधीतरी कुणाला काही द्यावेसे वाटेल. तेव्हा असेही एक घर लक्षात ठेवा, जे तुमचे नाव लावू शकणार नाही, तुम्हाला आत बोलावू शकणार नाही, आणि तुमच्या पैशाने काय झाले तेही दाखवू शकणार नाही. तरीही द्या. आणि तुमच्या गल्लीत पाटी नसलेले एखादे दार असेल, बाहेर पुष्कळ बायकांच्या चपला असतील, तिथली एखादी मुलगी तुमच्या वर्गात येत असेल आणि 'कुठे राहतेस?' या प्रश्नाला गप्प बसत असेल, तर तिला दुसऱ्यांदा विचारू नका. डबा उघडा आणि तिला शेजारी बसवून घ्या.